पार्सनचे दात

या, असे जवळ सरकून बसा. चहा गरम आहे तोवर घोट घ्या आणि कप खाली ठेवा, कारण एकदा सुरुवात केली की मी मधे थांबायची नाही. गोष्ट सांगते एका सशाची आणि त्याला सांभाळणाऱ्या क्लॅरी हॅडोची. गोड शेवट मागू नका, तो माझ्यापाशी नाही. गोष्टीत एक खोटं आहे, तेवढं ध्यानात ठेवून ऐका. ते माझं आहे.

आमचं गाव रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांत वाटलेलं. मी आणि हॅडो मंडळी दक्षिणेच्या अंगाला. समोरच्या फुटपाथपासून क्वीन्सलँड. पोस्ट इकडे, बेकरी तिकडे. दफनभूमी इकडे, चर्च तिकडे. म्हणजे देवाचं ऐकायला रस्ता ओलांडायचा आणि देवाकडे जायला परत यायचं. इकडे ससा पाळला तर कुणी विचारत नाही. तिकडे ससा पाळणं गुन्हा. पलीकडच्या टेकड्यांवरून जाळीचं कुंपण गेलंय ते त्यासाठीच, सशांनी उत्तरेत शिरू नये म्हणून. क्लॅरीने चाळीस वर्षं त्या कुंपणाचा एक पट्टा राखला. सकाळी निघायचा, जाळीला भोक दिसलं की तारेने शिवायचा, खालून उकरलेलं बुजवायचा, बिळं नांगरून काढायचा, विष लावलेली गाजरं टाकायचा. "माझ्या पट्ट्यातून एकसुद्धा आत गेला नाही," हे वाक्य तो जेवणाआधीच्या प्रार्थनेला जोडूनच म्हणायचा. आमेन, आणि मग हे.

अशा माणसाच्या बायकोने सत्तराव्या वर्षी घरात ससा आणला.

आयल्सा आमच्या गायनवृंदात माझ्या शेजारी उभी राहायची. आवाज खालचा, भरदार. तिच्यामुळे माझा वरचा सूर सांभाळला जायचा. तिचा ससा काळाभोर होता आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा. म्हणून नाव पार्सन, म्हणजे पाद्रीबाबा. "बघ एनिड," ती म्हणाली, "पाद्र्याची पांढरी कॉलर घालूनच जन्माला आलाय."

"घरात कीड आणलीस," क्लॅरी म्हणाला.

चार वर्षं त्याने पार्सनला बोट लावलं नाही. पार्सन सोफ्याखालून त्याच्याकडे टक लावून बघत बसायचा.

"काय बघतो सारखा?" क्लॅरी विचारायचा.

"ओळखतोय तुला," आयल्सा म्हणायची. "त्याच्या सगळ्या चुलत्यांना तूच पोचवलंस."

मग शरद ऋतूत आयल्सा गेली. शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी होते. तिने क्लॅरीचा हात धरला आणि आम्हांला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. ती म्हणाली, "पार्सनचं पोट थांबू देऊ नकोस. सशाचं पोट थांबलं की ससा थांबतो. आणि दुखलं तरी तो सांगत नाही रे, लपवतो. वचन दे."

बावन्न वर्षांच्या संसारात तिने मागितलेलं ते एकच वचन असावं. त्याने दिलं. आणि क्लॅरी हॅडो दिलेला शब्द मोडणाऱ्यांतला नव्हता. त्याची बायको जसा सूर धरायची, तसा तो शब्द धरायचा.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी तो माझ्या मागच्या दारात, हातात टोपी घेऊन उभा.

"एनिड, ते जनावर माझ्यावर पाय आपटतंय."

"तू काय केलंस?"

"काही नाही. आत गेलो."

"बूट घालून?"

"नाही, नाचायचे जोडे घालून! बूट घालूनच ना."

"तुझ्या बुटांना रानाचा वास आहे. त्याला वाटतं कोल्हा आला. मागचा पाय आपटून तो सगळ्यांना सावध करतोय."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? घरात मी एकटा आहे."

"मग तुलाच," मी म्हटलं.

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग बूट पायरीवर काढून मोज्यांवर घरी गेला.

त्यानंतर तो रोज काहीतरी घेऊन यायचा. आज म्हणे ससा बुटांवर हनुवटी घासतोय. मी सांगितलं, हनुवटीत वास असतो, घासला की वस्तू त्याची झाली. "माझ्या बुटांवर मालकी सांगतो?" "बुटांवर नाही रे बाबा, तुझ्यावर." दुसऱ्या दिवशी सकाळीच तोंड वाकडं करून आला. "एनिड, नाश्ता झाला नसेल तर आधी कर, मग सांगतो." पार्सन आपल्याच लेंड्या खात होता, तेही जागच्या जागी, मान वाकवून. मला आयल्साने शिकवलेलं होतं, ते मी पुढे शिकवलं: गवत एका दमात पचत नाही, म्हणून त्या मऊ लेंड्या तो पुन्हा खातो, त्या खाल्ल्या नाहीत तर काळजी करायची. क्लॅरीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चाळीस वर्षं त्यांच्या मागे होतो. एवढं जवळून कधी बघितलंच नाही."

आणि मग तो दिवस. मी पीठ मळत होते. क्लॅरी टोपीशिवाय, धावत आला. त्याचं वय तेव्हा सत्याहत्तर.

"चल, चल! त्याला विष लागलंय!"

मी पिठाच्याच हातांनी धावले. त्याच्या स्वयंपाकघरात पार्सन टेबलाभोवती गरगर धावत होता. मधेच हवेत उडी घ्यायचा, अंग पिळायचा, डोकं एकीकडे आणि मागचे पाय दुसरीकडे, खाली पडायचा आणि पुन्हा धावायचा. क्लॅरी भिंतीला पाठ लावून उभा. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

"असंच करतात ते," तो म्हणाला. "मी पाहिलंय. विष चढलं की असंच."

मला इतकं हसू आलं की पीठ लागलेला हात तोंडावर दाबला. "अरे वेड्या, तो खूश आहे!"

"खूश?"

"आनंद अंगात मावेनासा झाला की ससा असा उडतो. आयल्सा म्हणायची, पार्सन स्तोत्र गातोय."

तो स्टुलावर बसला. पार्सन दमून त्याच्या पायांपाशी धप्पकन एका कुशीवर पडला. क्लॅरी म्हणाला, "मेलेला ससा मी समोरच्या टेकडीवरून ओळखतो, एनिड. खूश ससा पायापाशी असून ओळखता आला नाही."

मी हसून विषय संपवला. तेव्हा कळलं नाही की ओळखण्यात चुकायची पाळी माझीही येणार आहे, आणि तीही उलट्या बाजूने.

त्या दिवसापासून क्लॅरी बदलला. आयल्सा करायची त्याहून तो जास्त करू लागला. पार्सनच्या अंगाएवढा गवताचा भारा रोज, ताजा. थोडी कोथिंबीर, थोडा पाला. गोड काही नाही. सफरचंद आठवड्यातून एकदा, अंगठ्याच्या नखाएवढं. उन्हाळ्यात पाण्याची बाटली बर्फ करून तिच्याशेजारी त्याला निजवायचा. वायरी पाइपात घालून ठेवल्या. पिंजऱ्याला चहूबाजूंनी मच्छरदाणी शिवली. आमच्याकडे रानातले ससे मारायला जो रोग सोडला होता तो डासांतून पसरतो, आणि आमच्या देशात पाळीव सशालाही त्यावर लस मिळत नाही. तो रोग आला तेव्हा तरुण क्लॅरीने पबमध्ये सगळ्यांना बिअर पाजली होती. आता तोच म्हातारा चष्मा लावून मच्छरदाणीला टाके घालत बसला होता. टाका मात्र तोच, कुंपणाच्या जाळीचा. दुसरा त्याला येत नव्हता.

दातांचं त्यानेच मला शिकवलं. आयल्सालाही ते इतकं ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी त्याने माझा हात धरून पार्सनच्या गालावर ठेवला.

"लागतंय हाताला? दात हलके वाजताहेत. जिभेवर साखर विरघळावी तसे. हे सुख. आता ऐक, हाच आवाज करकरून आला, दारातून ऐकू आला, आणि अंगाचा गोळा झालेला असला, तर ते दुखणं. दात तेच. जोर बघायचा. आणि तो बघायचा तर हात ठेवावा लागतो, लांबून कळत नाही."

"पाद्री झालास की रे," मी म्हटलं.

"तो पाद्री. मी चर्चचा झाडूवाला."

पुढच्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, कडक दंव पडलं होतं त्या सकाळी, पार्सनसाठी पाला खुडायला गेलेला क्लॅरी अंगणात घसरला. कमरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून सुटला तो काठी घेऊन, आणि त्याची मुलगी मेरिडी उत्तरेकडून दोन तास गाडी हाकत त्याला न्यायला आली.

"डॅड, आता एकट्याने राहायचं नाही. बास झालं."

"पार्सन आहे."

"पार्सन तुला उचलणार आहे का पडलास की?"

"तुझ्या आईला शब्द दिलाय."

मेरिडीने माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणला. "मग त्यालाही घेऊन ये. आमची मागची खोली कुणाला दिसत नाही. इतके लोक ठेवतात चोरून."

क्लॅरीने तिच्याकडे असं पाहिलं की ती पन्नास वर्षांची बाई खाली बघू लागली.

"माझ्या पट्ट्यातून एकसुद्धा आत गेला नाही," तो म्हणाला. "हाही जाणार नाही."

दिवसभर तसंच चाललं. त्याला एकट्याला सोडून मेरिडी जाईना, पार्सनला सोडून तो जाईना. शेवटी मीच म्हटलं, "मला दे. मी सांभाळते."

"तू?"

"का? मला सशाला खाऊ घालता येत नाही?"

"तेच तर भय आहे. तू फार खाऊ घालतेस."

सगळे हसले. तोही हसला. मग त्याने पार्सनला माझ्या मांडीवर ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. गवत. पाणी. लेंड्या गोल आणि भरपूर हव्यात, लहान झाल्या तर लगेच फोन. एका वेळेचं जेवण सोडलं तर डॉक्टर, दुसऱ्या वेळेची वाट बघायची नाही. "आणि हात ठेवत जा, एनिड."

"ठेवीन रे."

"मी रोज आठला फोन करीन."

आणि केला. रोज सकाळी, आठच्या ठोक्याला. "खाल्लं? लेंड्या? उडी मारली?" मी सांगायची. मग तो म्हणायचा, "बरं," आणि ठेवायचा. बाकी काही बोलायचा नाही. मेरिडी सांगायची, तो सकाळचा चहा त्या फोननंतर घेतो.

आता माझं ऐका. आमच्या घरात आलेल्याला केकशिवाय कुणी परत पाठवलं नाही. समोर जीव बसलाय आणि त्याला नुसतं वाळलं गवत द्यायचं, मला ते उपास घडवल्यासारखं वाटायचं. एक फोड सफरचंदाची. एक तुकडा मनुकांच्या पावाचा. तो असा अधाशासारखा खायचा, पुढचे पाय माझ्या गुडघ्यावर टेकून मागायचा, की मला भरून यायचं. मी त्याला माया समजले. गवत तसंच उरायचं. वसंतात त्याचे केस गळायला लागले, तो अंग चाटत बसायचा आणि ते सगळे केस पोटात जात होते. ते पुढे ढकलायला गवतच लागतं. हे मी फोनवर सांगितलं नाही. क्लॅरीने "खाल्लं?" असं विचारलं, काय खाल्लं असं विचारलं नाही.

ऑक्टोबर उजाडला. पलीकडच्या फळबागांत कामाला टोंगा बेटांवरची माणसं येतात, आणि वर्षातून एकदा त्यांच्यातला मनासे नावाचा गडी आमच्या चर्चमध्ये प्रवचन करतो. प्रवचन म्हणजे काय सांगू तुम्हांला! अर्धं बोलतो, अर्धं गातो. एक दाखला सांगितला की त्यावर पद, पद संपायच्या आत त्याची माणसं मागून सूर उचलतात, पेटी नाही, पियानो नाही, नुसते गळे, आणि छताच्या फळ्या गुंजायला लागतात. मी वर्षभर त्या एका रविवारची वाट बघते. देव मला वाचून कधी कळला नाही, गाऊन सांगितला की कळतो. त्या वर्षी तो ऑक्टोबरचा पहिला रविवार होता, सकाळी नऊला.

आमच्याकडे त्याच रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. पलीकडे करत नाहीत. जन्म या रस्त्यावर गेला, तरी दरवर्षी त्या सकाळी गावात कुणीतरी फसतंच.

मी रात्री झोपतानाच घड्याळ पुढे केलं होतं, शहाण्यासारखं. सकाळी निळा ड्रेस घातला, टोपी घातली. रेडिओवर स्तोत्रं लावली होती. पार्सन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसला होता, पाय पोटाखाली घेऊन, पाठ गोल, डोळे अर्धे मिटलेले. दात वाजवत होता. मला किती कौतुक वाटलं! म्हटलं, बघा, पाद्रीबाबा ध्यानाला बसलेत. आदल्या संध्याकाळची सफरचंदाची फोड वाटीत तशीच होती, कडेने तांबूस झालेली. म्हटलं, पोट भरलं असेल.

घड्याळात नऊ वाजले आणि फोन वाजला. क्लॅरी. आज उशीर केला याने, मी मनात म्हटलं, आणि मलाही उशीर झाला. त्याने उशीर केला नव्हता. त्याच्याकडे आठच वाजले होते. हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

"खाल्लं?"

"क्लॅरी, आज बघायला हवा होतास. स्तोत्र ऐकत बसलाय डोळे मिटून. फक्त हात जोडायचे बाकी आहेत. दातसुद्धा वाजवतोय तालावर."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"कसे वाजवतोय?"

"कसे म्हणजे?"

"हात ठेवून बघ, एनिड. मी थांबतो."

फोन बोळात, पार्सन स्वयंपाकघरात. मधे पाच पावलं. माझ्या एका हातावर हातमोजा चढलेला होता, तो काढावा लागला असता. मनासेचं पहिलं पद चुकणार होतं, आणि पहिलं पदच सगळ्यांत गोड असतं.

मी जागची हलले नाही. मनात दहापर्यंत मोजलं आणि म्हटलं, "हलके."

"ठेवलास हात?"

"ठेवला. साखर विरघळावी तसे."

"मग बरं," तो म्हणाला, आणि मला ऐकू आलं की त्याने श्वास सोडला. "मनासेला नमस्कार सांग."

मी जवळजवळ धावतच रस्ता ओलांडला. चर्चला कुलूप.

पायरीवर बसल्यावर घड्याळाचा घोळ लक्षात आला: चर्च पलीकडे, आणि पलीकडे आत्ता कुठे आठ वाजून गेले होते. जवळजवळ पूर्ण तास होता हाताशी. घर चार मिनिटांवर. परत गेले असते, हातमोजा काढला असता, हात ठेवला असता. गेले नाही. पुढचा बाक धरायचा होता मला. बाकी कारण शोधू नका, नाहीच.

मनासेने त्या दिवशी राखणदारावर प्रवचन केलं. मालकाने घर सोपवलेल्या राखणदारावर. काय गायला! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सुखाचं. नंतर चहा झाला, केक झाला, मी दोनदा घेतला.

घरी आले तेव्हा माझ्या घड्याळात दोन वाजून गेले होते. पार्सन त्याच कोपऱ्यात, तसाच. वाटीत तीच फोड. ट्रेमध्ये एकही लेंडी नाही. रेडिओ आता बंद होता, आणि दातांचा आवाज मला दारातच ऐकू आला.

हात ठेवला. आता ठेवला. कान थंडगार, पोट फुगून टणक. जबडा असा करकरत होता की माझ्या मनगटापर्यंत लागलं.

मी फोन लावला. क्लॅरीने पहिल्याच घंटीला उचलला.

"खात नाहीये. पोट टणक आहे." मला रडू फुटलं. "दक्षिणेकडचा डॉक्टर दीड तासावर, आणि आज रविवार. पलीकडे दहा मिनिटांवर एक आहे, त्याचा दवाखाना उघडा असतो. पण पलीकडे..."

 मागे मेरिडीच्या घरातली टीव्हीची कुजबूज. मी वाट बघत राहिले. चाळीस वर्षं त्या शांततेत होती, पहाटेची दंवं, तारेने कापलेली बोटं, आमेननंतरचं ते वाक्य.

"ने," क्लॅरी म्हणाला.

"पलीकडे?"

"ऐकलंस ना. ने त्याला."

टोपलीत टॉवेल घातला, त्यावर पार्सन, वरून गायनवृंदाची माझी शाल. गाडीने रस्ता ओलांडला. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही. बेकरीवालीने हात हलवला. एवढंच झालं. ज्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचलं ते ओलांडायला मला पळभरही वेळ लागला नाही, आणि टोपलीवरची शालसुद्धा हलली नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. शाल उचलली, ससा बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि दार लोटून घेतलं. कायद्याचं काही बोलली नाही.

"शेवटचं कधी खाल्लं?"

"काल दुपारी," मी म्हटलं. तिला मात्र खरं सांगितलं.

तिने पोट चाचपलं, सुई टोचली, कोमट पाणी दिलं, बाटलीने शेक दिला. "आतडं थांबलंय. बराच वेळ झालाय. सकाळी..." तिची नजर माझ्या टोपीवर आणि निळ्या ड्रेसवर गेली, आणि तिने वाक्य सोडून दिलं. त्या सोडलेल्या वाक्याने मला जे केलं ते पुऱ्या वाक्याने केलं नसतं.

पार्सन चारला गेला. इकडच्या चारला की तिकडच्या, ते विचारू नका.

मेरिडीची गाडी डॉक्टरच्या दाराशी आली तेव्हा उन्हं कलली होती. क्लॅरी काठी टेकत आत आला. टोपी काढली, जशी माझ्या दारात काढायचा. पार्सनला उचलून छातीशी धरलं, हनुवटीखाली.  मग वर न बघता विचारलं,

"सकाळी हलके वाजवत होता ना?"

अजूनही वेळ होता. खरं बोलायला वेळ कायम असतो, मी लहान मुलांना रविवारच्या वर्गात हेच शिकवत आले.

"हो."

"हात ठेवला होतास."

"हो, क्लॅरी."

त्याने मान हलवली. "मग अचानकच झालं. माझीच चूक. जागा बदललेली सशाला सोसत नाही, मला ठाऊक होतं. मी जायलाच नको होतं." आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू जिवापाड केलंस. आयल्साला मी सांगेन वर गेल्यावर."

पार्सनला त्याने तिकडे ठेवू दिलं नाही. मेलेला असला तरी रेषेच्या दक्षिणेलाच पुरायचा. आम्ही क्लॅरीच्या जुन्या अंगणात, पाल्याच्या वाफ्याशेजारी खड्डा खणला. त्याला वाकता येईना, म्हणून मेरिडीने ठेवलं.

पुढचं मला तिनेच सांगितलं. सोमवारी सकाळी आठला, ज्या वेळी तो मला फोन करायचा, त्या वेळी क्लॅरीने आपल्या जुन्या कचेरीत फोन लावला. नाव सांगितलं, किती वर्षं काम केलं ते सांगितलं, आणि म्हणाला, "माझ्या सांगण्यावरून काल एक ससा आत आणला गेला. नोंद करून घ्या. जी शिक्षा असेल ती माझी. बाईंची नाही."

पलीकडे कुणी नवा मुलगा होता. त्याने विचारलं, "आता कुठे आहे ससा?"

"मेला."

तो मुलगा हसला. वाईट नाही हसला, मेरिडी म्हणाली, आपला असाच. "मेलाय ना आजोबा? मग मिटलं की. काळजी करू नका."

क्लॅरीने फोन ठेवला आणि बराच वेळ त्यावरून हात काढला नाही. चहा घेतला नाही. त्या दिवसानंतर तो जेवताना आमेनपाशी थांबू लागला. पुढचं वाक्य म्हणायचं बंद केलं, कारण ते आता खरं राहिलं नव्हतं, आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

ती मला होती.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. त्याला आयल्साशेजारी ठेवलं. मी गायनवृंदात उभी होते, पण वरचा सूर लागेना. खालचा धरणारं शेजारी कुणी नव्हतं. मनासेचं प्रवचन त्यानंतर दरवर्षी झालं. मी जाते. मागच्या बाकावर बसते. तो गातो, सगळे रडतात, आणि पहिलं पद सुरू झालं की मला दातांची करकर ऐकू येते, ती शेवटच्या पदापर्यंत थांबत नाही. देवाने त्या दातांच्या गाण्यातून मला जे सांगायचं ते सांगितलं, आणि मी ते पाच पावलांवरून ऐकलं नाही.

संपली गोष्ट. चहा निवला असेल तुमचा.

एक मागते. आज रात्री हात जोडाल, ज्याला जोडत असाल त्याला जोडा, तेव्हा क्लॅरी हॅडोला आठवा. सशांचा काळ म्हणून नको, आणि बिचारा म्हातारा म्हणूनही नको. कुणी बघत नसताना आपल्या हातून झालेलं ओलांडणं ज्याने आपणहून सांगितलं, त्या माणसाला आठवा. त्याला कुणी ऐकून घेतलं नाही. तुम्ही घ्या.